आपल्या पायांनी गेला, म्हणून तस्करी नाही?

‘मानवी तस्करी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंद ट्रक येतो, अंधारी सीमा येते, हातपाय बांधलेली माणसं येतात. सौदीला कामाला आलेल्या आपल्या माणसाचं चित्र तसं नसतं. तो मुंबईच्या विमानतळावरून राजरोस निघतो. पासपोर्ट खरा, व्हिसा खरा, तिकीट खरं. घरचे निरोप द्यायला येतात, फोटो काढतात. मग सहा महिन्यांनी तोच माणूस पगाराविना, कागदाविना लेबर कॅम्पात अडकून पडला की गावात लोक म्हणतात, “कुणी बांधून नेलं होतं का? आपल्या पायांनीच गेला ना?”

सगळी गोम या प्रश्नातच आहे. कारण कायदा हा प्रश्न असा विचारतच नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २००० साली मानवी तस्करीविरोधी करार केला, त्याला पालेर्मो प्रोटोकॉल म्हणतात. सौदीने तो २००७ मध्ये स्वीकारला, भारताने २०११ मध्ये. त्यातली व्याख्या तीन प्रश्नांवर उभी आहे. माणसाचं काय केलं? म्हणजे भरती, ने-आण, ठेवून घेणं. ते कसं केलं? धाक दाखवून, जबरदस्तीने, फसवून किंवा त्याच्या असहायतेचा फायदा घेऊन. आणि कशासाठी केलं? शोषणासाठी. शोषणात लैंगिक शोषण येतं, सक्तीची मजुरी येते, गुलामी आणि गुलामीसारखी वागणूक येते, अवयव काढून घेणंही येतं. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं जुळली की ती तस्करी. आणि फसवणूक किंवा धाक वापरला असेल, तर त्या माणसाने ‘हो’ म्हटलं होतं या गोष्टीला काहीच किंमत उरत नाही. आपल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ हेच सांगतं: पीडिताची संमती गैरलागू. त्या कलमात किमान सात वर्षांची सक्तमजुरी आहे. सौदीचा स्वतःचा तस्करीविरोधी कायदा २००९ चा आहे. त्यात १५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रियालपर्यंत दंड आहे.

म्हणजे कायदे दोन्हीकडे आहेत. नाही ते आपल्या डोक्यात. आपल्या डोक्यात अजून ‘नशीब’ आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक वाईट कंपनी म्हणजे तस्कर नव्हे. पगार दहा दिवस उशिरा झाला, जेवण बेचव आहे, फोरमन शिव्या देतो, याला तस्करी म्हणायला लागलो तर खऱ्या तक्रारीचं वजन जातं. लाखो भारतीय इथे काम करतात, घरं बांधतात, बहिणींची लग्नं करतात. मी स्वतः डिप्लोमा करून इथे सुपरवायझरची नोकरी करतो आणि त्यावर माझं घर चालतं. पण शोषणाची एक विशिष्ट जुळणी असते. ती एकदा ओळखायला आली की ‘वाईट नोकरी’ आणि ‘वेठबिगारी’ यांतला फरक लगेच कळतो. त्या जुळणीला कुलूप लागत नाही. तिला तीन गोष्टी लागतात: कर्ज, बदललेला कागद आणि परत जाण्याचा बंद रस्ता.

आधी कर्ज. मराठवाड्यातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. ऊसतोडीची उचल आठवा. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल देतो, मग नवरा-बायको दोघं फडात राबून ती फेडतात, आणि नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. गल्फच्या कामात हीच उचल उलटी होते. इथे मुकादम तुम्हाला पैसे देत नाही, तुम्हीच त्याला देता, आणि त्यासाठी गावातल्या सावकाराकडून किंवा दागिने गहाण टाकून कर्ज काढता. माणूस बांधला जातो तो तसाच, कामाला हात लावायच्या आधी.

आता हिशोब मांडू, कारण गोष्ट हिशोबातच कळते. समजा, एजंटला १,२०,००० रुपये दिले, शेकडा तीन व्याजाने काढून. महिन्याचं व्याज झालं ३,६०० रुपये. पगार सांगितला होता १,८०० रियाल. इथे आल्यावर हातात पडतात १,०००. रियाल २२ रुपये धरला तर २२,००० रुपये. मेस, फोन, साबण-बिबण यात ३५० रियाल गेले. उरले १४,३०० रुपये. घरखर्चाला ८,००० पाठवले, तर कर्जाला उरतात ६,३००. या वेगाने कर्ज फिटायला जवळजवळ अडीच वर्षं लागतात. करार असतो दोन वर्षांचा! सांगितलेला १,८०० चा पगार खरोखर मिळाला असता, तर तेच कर्ज सहा महिन्यांत फिटलं असतं. म्हणजे पगाराबद्दलच्या एका खोट्याने सहा महिन्यांचं ओझं अडीच वर्षांचं केलं. आणि मधे चार महिने पगार थांबला तर नुसतं व्याजच १४,४०० चढतं. अशा माणसाला कुणी डांबून ठेवायची गरज नसते. तो स्वतःच म्हणतो, “परत कसा जाऊ? गावात सावकार बसलाय.”

यातली बहुतेक रक्कम मुळात बेकायदेशीर असते, हे किती जणांना माहीत आहे? भारताच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो, पावती देऊन. सौदी कामगार कायद्याचं कलम ४० तर सांगतं की बाहेरून माणूस आणण्याचा खर्च, इकामा, वर्क परमिट आणि काम संपल्यावर परतीचं तिकीट हे सगळं मालकाने भरायचं. एजंटला गाठून देणारा गावातला ‘भाऊ’ किंवा ‘मामू’, जो कमिशन खातो, त्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्यात जागाच नाही. त्याच्याकडे नोंदणी नसते, पावती नसते. म्हणूनच तो सगळा व्यवहार रोखीत करतो.

दुसरी गोष्ट, बदललेला कागद. मुलाखतीत सांगतात स्टील फिक्सर. इथे उतरल्यावर अरबी कागदावर सही घेतात आणि इकाम्यावर धंदा लागतो ‘लोडिंग-अनलोडिंग कामगार’. पगारही त्याच धंद्याचा. आधीच्या एका साइटवर माझ्या गँगमध्ये नांदेडकडचा एक जण होता. बारमध्ये हात इतका तयार की ड्रॉइंग न बघता तो कॉलमच्या रिंगांचं अंतर सांगायचा. तो होता सप्लाय कंपनीचा. आमची कंपनी त्या सप्लायवाल्याला ताशी दर द्यायची स्टील फिक्सरचा, आणि सप्लायवाला त्याला महिना द्यायचा हेल्परचा. मधला फरक कुठे जातो हे साइटवर सगळ्यांना माहीत होतं. त्याला फक्त एवढंच माहीत होतं की भांडलं तर ‘कॅन्सल’ करून पाठवतील आणि कर्ज तसंच राहील.

याच घरातली दुसरी फसवणूक म्हणजे ‘आझाद व्हिसा’. सौदी कायद्यात असा व्हिसाच नाही. तुम्ही एका कफीलच्या नावावर येता, काम दुसरीकडे शोधता आणि कफीलला दर महिन्याला पैसे मोजता. काम मिळो न मिळो, त्याचा हप्ता चालूच. पकडले गेलात तर गुन्हेगार तुम्ही, कारण आपल्या मालकाशिवाय दुसऱ्याकडे काम करायला कायद्याने बंदी आहे. ‘आझाद’ शब्द असलेला हा सगळ्यात गुलाम व्हिसा आहे.

तिसरी गोष्ट, परत जाण्याचा रस्ता. कफाला पद्धतीत माणसाचा देशातला मुक्काम मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. मार्च २०२१ पासून सौदीने यात सुधारणा केली. खासगी कंपनीतला कामगार एक वर्षानंतर नोटीस देऊन नोकरी बदलू शकतो, सुट्टीचा किंवा कायमचा एक्झिट अबशरवरून स्वतः मागू शकतो. सलग तीन महिने पगार मिळाला नाही, इकामा संपलाय, किंवा आल्यापासून तीन महिन्यांत करार नोंदवलाच नाही, तर मालकाच्या संमतीशिवाय बदली घेता येते. हे बदल खरे आहेत आणि ते वापरले पाहिजेत. पण आपल्याकडे अधूनमधून ‘कफाला संपली’ अशा बातम्या झळकतात, त्या वाचून डोळे मिटून विमानात बसू नका. २०२१ ची सुधारणा घरकामगार, घरचे ड्रायव्हर, माळी, शेतमजूर आणि गुरं राखणारे यांना लागूच नाही. म्हणजे जे सगळ्यात एकटे, तेच बाहेर.

आणि ज्यांना लागू आहे त्यांच्यावरही ‘हुरूब’ची टांगती तलवार असतेच. कामगार पळाला अशी नोंद मालकाने केली की तो बेकायदेशीर ठरू शकतो. पासपोर्ट ठेवून घेणं सौदीतही बेकायदा आहे. तरी कित्येक कॅम्पांत पासपोर्ट मंदूबच्या कपाटात असतात, “सुरक्षित राहावेत म्हणून”. तुमच्या घराची किल्ली शेजाऱ्याने सुरक्षित राहावी म्हणून स्वतःकडे ठेवली, तर तुम्ही काय म्हणाल?

या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते २०१६ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. तेलाचा भाव २०१४ च्या मध्यापर्यंत पिंपाला शंभर डॉलरच्या वर होता, तो २०१६ च्या सुरुवातीला तिसाच्या खाली गेला. सौदी सरकारकडून बड्या ठेकेदारांची बिलं थकली. ठेकेदारांनी सगळ्यात आधी काय थांबवलं? मजुरांचे पगार. सौदी ओजेरसारख्या कंपनीत महिनोन्‌महिने पगार झाले नाहीत. इकाम्यांचं नूतनीकरण थांबलं. इकामा नाही म्हणजे दवाखाना नाही, बँक नाही, एक्झिटही नाही. जुलै महिन्यात कॅम्पातल्या मेस बंद पडल्या आणि परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी सांगितलं की दहा हजारांहून अधिक भारतीयांवर उपासमारीची वेळ आली आहे. जेद्दाच्या वकिलातीने आणि तिथल्या भारतीयांनी कॅम्पात धान्य पोहोचवलं. राज्यमंत्री व्ही. के. सिंग जेद्दाला आले, सौदी राजाने मदत जाहीर केली, एक्झिट आणि तिकिटं मोफत झाली.

तरीही अनेकांनी विमानात बसायला नकार दिला. टीव्हीवर बघणाऱ्यांना त्याचं नवल वाटलं. यात नवल काही नाही. सात-आठ महिन्यांचा पगार आणि कित्येक वर्षांची ग्रॅच्युइटी मागे सोडून रिकाम्या हाताने सावकाराच्या दारात कोण जाईल? सौदी ओजेर ३१ जुलै २०१७ ला बंद झाली. फिलिपिन्सच्या सरकारने आपल्या कामगारांचे थकलेले पगार लावून धरले, २०२२ मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्षांच्या आणि सौदी युवराजांच्या भेटीत हा विषय निघाला, आणि २०२४ मध्ये त्या कामगारांच्या हातात पैसे पडू लागले. सात-आठ वर्षांनी का होईना, पडले. ज्याच्याकडे करार आणि पगाराचे कागद होते त्याचा दावा सांगता आला. हे लक्षात ठेवा.

त्यानंतर काही बदललं का? बदललं. पगार बँकेतून देण्याची सक्ती वाढत गेली, करार किवावर नोंदवायची पद्धत आली. ऑक्टोबर २०२४ पासून मालक बुडाला तर परदेशी कामगारांसाठी विमा आहे, १७,५०० रियालपर्यंत. पण तो सहा महिने पगार थकल्यावर लागू होतो. शेकडा तीनच्या व्याजावर बसलेल्या माणसाने सहा महिने काय खायचं, याचं उत्तर विम्यात नाही. आणि एकत्र येऊन मागणी करायची सोय तर नाहीच. इथे कामगार संघटनेला परवानगी नाही, संप बेकायदा आहे.

बांधकामावर निदान शंभर माणसं एकत्र असतात. एकाला ताप आला तर दुसरा भात शिजवून देतो. घरकामाला गेलेल्या बाईला तेवढंही नसतं. दार बंद, फोन काढून घेतलेला, भाषा येत नाही. म्हणूनच भारताने ठरवलंय की ईसीआर पासपोर्टवरची बाई ३० वर्षांच्या आत असेल तर तिला अशा देशांत कामाला जाता येणार नाही, आणि ३० नंतरही ती सरकारी संस्थेमार्फतच जाईल. यातून पळवाट काढायला एजंट तिला व्हिजिट व्हिसावर दुबईला नेतात आणि तिथून पुढे पाठवतात. तुमच्या वस्तीत कुणी बाईला “टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे कामाचा करून देऊ” असं सांगत असेल, तर ते वाक्य म्हणजेच धोक्याची घंटा. त्याक्षणी थांबवा. तशीच गत वाळवंटात शेळ्या-उंट राखायला पाठवलेल्यांची. बेन्यामिन यांची मल्याळम कादंबरी ‘आडुजीवितम’ आणि तिच्यावरचा २०२४ चा चित्रपट याच माणसावर आहे. विमानतळावर भलताच मालक भेटतो आणि माणूस नकाशावरून पुसला जातो. अशी कामं ‘फार्म हाउसवरची नोकरी’ या नावाने खपवली जातात.

आता थोडं माझ्या बिरादरीला, सुपरवायझर आणि फोरमन लोकांना. शोषण एसी ऑफिसात ठरतं, पण दिसतं ते आपल्याला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या मजुरीची ११ लक्षणं सांगितली आहेत. त्यात फसवणूक, कागदपत्रं अडकवणं, पगार रोखणं, कर्जाचं बंधन, धमक्या, अति ओव्हरटाइम, राहण्याची वाईट व्यवस्था ही सगळी येतात. यातली अर्धी आपल्या टाइमशीटवर रोज उमटत असतात. सौदीत कामाची मर्यादा दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास आहे. त्यावरच्या प्रत्येक तासाला नेहमीचा ताशी पगार आणि वर मूळ पगाराच्या ५० टक्के द्यायचे असतात. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उन्हात काम बंद. आपण कंपनीचं धोरण बदलू शकत नाही, मान्य. पण ११ तास झाले तर ११ लिहू शकतो. कामगाराला आपल्या टाइमशीटचा फोटो काढू देऊ शकतो. बारा वाजता शिट्टी वाजवू शकतो. आणि ‘हुरूब लावीन’ ही धमकी आपल्या तोंडून निघणार नाही एवढं तरी पाहू शकतो. उद्या लेबर कोर्टात तो टाइमशीटचा फोटोच त्याचा साक्षीदार असतो.

डिप्लोमा, आयटीआय आणि दहावी पास पोरांनाही एक सांगायचंय. तुमचा पासपोर्ट ईसीएनआर असतो, म्हणजे उत्प्रवास परवानगी लागत नाही. हे फायद्याचं वाटतं, पण त्यामुळे ईसीआरवाल्याचा करार सरकारच्या ई-मायग्रेटवर जसा तपासला जातो, तसा तुमचा आपोआप तपासला जात नाही. प्रवासी भारतीय विमा योजनाही तुमच्यासाठी सक्तीची नाही, ती स्वतःहून घ्या. दोन वर्षांना २७५ रुपये आणि कर एवढाच हप्ता आहे, अपघाती मृत्यूला १० लाखांचं संरक्षण मिळतं.

निघण्याआधी एवढं करा. एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर बघा. करार हातात आल्याशिवाय दागिना गहाण टाकू नका. करारातला धंदा आणि पगार व्हिसाशी जुळतोय का, ते अरबी वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. सगळ्या कागदांचे फोटो घरच्यांच्या फोनमध्ये ठेवा. इथे आल्यावर किवावरचा करार स्वतः उघडून बघा, अबशरचा पासवर्ड मंदूबला देऊ नका. पगार थकला तर वाट बघत बसू नका, कामगार दावा दाखल करायला एक वर्षाची मुदत असते. दूतावासाकडे आणि मदद पोर्टलवर लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. व्हिडिओ करून व्हायरल करायचा मोह होतो, पण सौदीचा २००७ चा सायबर कायदा कडक आहे. कंपनी उलटी केस करते आणि मूळ तक्रार बाजूला पडते. व्हिडिओ काढायचाच असेल तर तो दूतावासाला पाठवा.

आणि तक्रार लिहिताना ‘कंपनी पगार देत नाही’ एवढंच लिहून थांबू नका. खरोखर तसं असेल तर स्पष्ट लिहा: अमुक पगार सांगून फसवून आणलं, पासपोर्ट काढून घेतला, जाऊ देत नाहीत, सक्तीने काम करून घेतात. पहिली तक्रार पगाराचा वाद ठरते. दुसरी दोन्ही देशांत गुन्हा ठरते, आणि गावातल्या त्या एजंटवर आपल्या पोलीस ठाण्यात एफआयआर करायचा रस्ता उघडते.

हे सगळं आत्ताच का? कारण कामाची लाट येतेय. २०३० चा एक्स्पो रियाधला आहे, २०३४ चा फुटबॉल वर्ल्ड कप सौदीला मिळालाय, त्यासाठी १५ स्टेडियम दाखवलेत. शटरिंगवाले, स्टील फिक्सर, मेसन, हेल्पर हवेत, आणि एजंटांच्या जाहिराती खेड, महाड, परभणी, मालेगावपर्यंत पोहोचणार आहेत. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडच्या वेळी दिल्लीत हेच झालं होतं. मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हतं. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोटाची आग माणसाला कमी मजुरीवर राबायला लावते, तीसुद्धा सक्तीच, आणि किमान वेतनाखाली करून घेतलेलं काम म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ मधली वेठ. न्यायमूर्ती भगवतींचा तो निकाल बांधकाम मजुरांच्या बाबतीतच दिलेला आहे.

केरळने परदेशी गेलेल्या आपल्या माणसांसाठी १९९६ मध्येच स्वतंत्र खातं काढलं. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत, पंचायत समितीत, निदान करार वाचून देणारं एक टेबल असावं ही मागणी आपण आपल्या आमदाराकडे का करू नये? परदेशातून आलेला पैसा गावाला चालतो, तर परदेशात अडकलेला माणूसही गावाचाच असला पाहिजे. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, “आपल्या पायांनीच गेला ना?”, तर त्याला शांतपणे विचारा: त्याला पगार किती सांगितला होता, आणि दिला किती?